फुटणारं पाठवताय? आधी खोकं मोजा

मुलगा ह्यूस्टनला, भाची टोरांटोला, जावेची मुलगी मेलबर्नला. आता सांगली-मिरजेकडची निम्मी घरं अशीच झाली आहेत. त्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी दारात येऊन विचारतं, "तुम्ही तंबोरा पाठवला होतात ना कॅनडाला? कसा पाठवलात?" कुणाला आजीची लोणच्याची बरणी पाठवायची असते, कुणाला शाडूचा गणपती, कुणाला सासऱ्यांची सतार. मी दोन तंबोरे पाठवले. पहिला फुटला, दुसरा पोचला. दोन्हींचे पैसे दिले आणि दोन्हींतून शिकले. ते एकदा लिहूनच टाकावं म्हणते, म्हणजे दारात उभं राहून अर्धवट सांगणं नको.

पहिली गोष्ट भावाची. कुरियरवाल्याला फोन केलात की तो विचारतो, "वजन किती?" आपण न्हाणीघरातल्या काट्यावर वस्तू ठेवून आकडा सांगतो, तो भाव सांगतो, आपण खूश. इथेच पहिली ठेच लागते. विमानाने जाणाऱ्या मालाचं बिल दोन वजनांपैकी जे जास्त, त्यावर होतं. एक काट्यावरचं, दुसरं जागेचं. जागेचं वजन काढायचं तर खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला 5000 ने भागायचं. कुरियर कंपन्यांची रीत बहुतेक हीच.

बायकी तंबोऱ्याचं खोकं नीट वेष्टन करून साधारण 140 सेंटीमीटर लांब, 50 रुंद आणि 45 उंच होतं. गुणाकार 3,15,000. पाच हजारांनी भागलं की 63. म्हणजे तंबोरा पाच-सहा किलोचा, खोक्यासकट फार तर पंचवीस भरेल, पण बिल 63 किलोचं. भोपळ्यातल्या पोकळीचे पैसे मोजायचे. तंबोरा वाजतो तोच त्या पोकळीमुळे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

हे कळल्यावर माणसाचा पहिला विचार खोकं आवळायचा असतो. तो मोहही आकड्यात बघा. तिन्ही बाजूंना फक्त पाच-पाच सेंटीमीटर वाढवलेत, 145 बाय 55 बाय 50 केलंत, तर 63 चे जवळपास 80 किलो होतात. उलट पाच-पाच कमी केलेत तर साधारण 49 वर येतात. चौदा-पंधरा किलोंचं भाडं वाचतं म्हणून आपण आतला फोम काढतो, आणि नेमकी त्या पाच सेंटीमीटरनेच वस्तू वाचणार असते. दांडीकडे निमुळतं खोकं करूनही फायदा नाही, कारण माप प्रत्येक बाजूच्या सगळ्यांत फुगीर जागी घेतात.

पण याच हिशेबात एक सोय दडलेली आहे. बिल 63 चंच होणार असेल, तर काट्यावर 25 भरो की 40, भाड्यात फरक पडत नाही. मग पुठ्ठ्याऐवजी प्लायवूड वापरा, हलक्या स्पंजऐवजी घट्ट फोम वापरा, आत फायबरची केस घाला. हे जादा वजन फुकटात जातं. हलक्या आणि अवजड वस्तूला कंजूष वेष्टन करणं म्हणजे पूर्ण थाळीचे पैसे देऊन अर्धपोटी उठणं. लोणच्याच्या बरणीचा हिशेब मात्र उलटा असतो. तिथे बहुतेकदा काट्यावरचं वजनच जास्त भरतं.

आता माझ्या पहिल्या तंबोऱ्याचं काय झालं ते सांगते.

भाचीसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून नवा तंबोरा घेतला होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, सुबक काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझी खरेदी त्याच्या बरीच आधीची, पण हात तेच. मजबुतीच्या हौसेने मी गल्लीतल्या सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली. आत भाताचा पेंढा भरला. आमच्या लहानपणी काचेचे कंदील असेच यायचे. पेटी टेम्पोने पुण्याला, परदेशी माल पाठवणाऱ्या एजंटच्या गोदामात गेली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला: ही पेटी जाणार नाही.

कारणं दोन, आणि दोन्ही मला ठाऊक नव्हती. कच्च्या लाकडातून किडे परदेशात जातात म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याचं नाव आयएसपीएम 15. लाकडाच्या गाभ्याचं तापमान 56 अंशांवर सलग 30 मिनिटं ठेवायचं किंवा ठरलेली धुरी द्यायची, आणि मग लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का मारून घ्यायचा. हा शिक्का कुणीही सुतार मारू शकत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त कारखाना लागतो. शिक्का नसेल तर पलीकडचा देश पेटी परत पाठवतो किंवा नष्ट करायला लावतो, आणि खर्च आपल्या माथी. दुसरं कारण पेंढा. गवत, पेंढा, भाताचं तूस यांना बहुतेक देशांचे शेती खात्याचे लोक दारातच अडवतात. ऑस्ट्रेलियात तर फारच.

प्लायवूडला हा नियम नाही, कारण ते डिंक, उष्णता आणि दाबातून तयार होतं. पण इथेही एक चकवा आहे. प्लायवूडच्या पेटीला कोपऱ्यात ठोकलेल्या लाकडी पट्ट्या कच्च्या लाकडाच्या असतील आणि सहा मिलिमीटरपेक्षा जाड असतील, तर त्या पट्ट्यांना शिक्का लागतो. सुताराला हे आधीच सांगा. कोपऱ्यांना पत्र्याची किंवा प्लास्टिकची कोनपट्टी लावायला सांगा.

तर पेटी बाद झाली. एजंटचा माणूस म्हणाला, "मॅडम, काळजी नको, आम्ही इथेच कार्टनमध्ये भरून देतो." मी सांगलीत, तंबोरा पुण्यात. हो म्हटलं. त्यांनी एक कागद ईमेलवर पाठवला, मी सही करून परत पाठवला. त्या कागदात वेष्टन पाठवणाऱ्याच्या जबाबदारीवर असल्याचं एक वाक्य होतं, ते मी नंतर वाचलं. कार्टनच्या चारही बाजूंना लाल अक्षरांत "फ्रॅजाइल" लिहिल्याचा फोटोही आला. बघून बरं वाटलं.

टोरांटोत भाचीने खोकं उघडलं तेव्हा भोपळा अखंड होता, त्यावरची लाकडी तबली अखंड होती, आणि दांडी भोपळ्याला जिथे जोडलेली असते तिथे सांधा उखळला होता. तारांनी धरून ठेवली होती म्हणून दांडी सुटून पडली नव्हती, एवढंच.

मी फुटलेल्या सांध्याचा फोटो घेऊन मिरजेला गेले. ज्यांच्याकडून तंबोरा घेतला त्या चाचांनी फोन लांब धरून तो पाहिला आणि विचारलं, "दांडीखाली काय होतं?" भाचीला विचारलं. काही नव्हतं. भोपळ्याभोवती वर्तमानपत्रं कोंबली होती, दांडी अधांतरी. चाचा म्हणाले, "ताई, तंबोरा मारानं नाही फुटत, मोकळेपणानं फुटतो. खोकं पडलं की भोपळा थांबतो, दांडी थांबत नाही. मग गळ्याशी तुटतो." कपबशीचा कान तुटतो, गणपतीच्या सोंडेचा वळसा किंवा आशीर्वादाचा हात जातो, त्याचं कारणही हेच. मधला जड भाग थांबतो आणि बाहेर आलेला नाजूक भाग हिसका खातो.

"फ्रॅजाइल"च्या लाल अक्षरांबद्दल एकच सांगते. खोकं बराचसा प्रवास यंत्राच्या पट्ट्यावरून करतं, आणि पट्ट्याला वाचता येत नाही. माणसाच्या हातात येतं तेव्हा तो माणूस तासाला शेकडो खोकी उचलत असतो. पार्सल तपासणाऱ्या प्रयोगशाळा दहा किलोपर्यंतचं खोकं साधारण 76 सेंटीमीटरवरून, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून, कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असं पाडून बघतात. तुमचं खोकं टेबलावरून कोपऱ्यावर पडेल असं धरूनच भरा. भरून झालं की टेप लावण्याआधी दोन्ही हातांनी धरून हलवा. आत काही सरकल्याचा नुसता भास झाला तरी उघडा आणि पुन्हा भरा.

चुरगाळलेली वर्तमानपत्रं पहिल्या दोन धक्क्यांत दबतात आणि मग त्यांच्या जागी पोकळी उरते. थर्माकोलचे दाणे तर जड वस्तूला वाट करून देतात. ती दोन दिवसांत तळाशी जाऊन बसते. बबल रॅप चांगला, पण बुडबुडे वस्तूच्या बाजूला ठेवा आणि एका वेढ्यावर भागवू नका. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे खोक्यात खोकं. आतलं खोकं वस्तूला घट्ट धरणारं, आणि आतल्या-बाहेरच्या खोक्यामध्ये सगळीकडून पाच सेंटीमीटर फोम. दुसऱ्या तंबोऱ्याच्या वेळी चाचांनी फोमच्या लादीत दांडीच्या आकाराची खाच कापली आणि खुंट्यांपासून गळ्यापर्यंत दांडी त्यात निजवली. खुंट्या एकेक करून जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळल्या. तारा उतरवल्या, पण काढल्या नाहीत. घोडीखाली आणि तारांखाली मऊ फडकं सरकवलं. तासभर लागला. मी चहा आणला तरी ते मान वर करेनात.

नुकसानभरपाईचं आता. पहिल्या तंबोऱ्यासाठी मी दावा केला. उत्तर दोन ओळींचं आलं: वेष्टन अपुरं, सबब दावा अमान्य. मला राग आला, पण त्यांची बाजू कागदावर पक्की होती. विमानाने जाणाऱ्या मालाला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात 2009 पासून आहे. त्या करारात लिहिलंय की नुकसान वाहतूकदाराने किंवा त्याच्या माणसांनी न केलेल्या सदोष वेष्टनामुळे झालं असेल तर वाहतूकदार जबाबदार नाही. वेष्टन त्यांच्याच गोदामात झालं होतं खरं, पण सही माझी होती. म्हणून सांगते, कुणी वेष्टन करून देतो म्हणालं तर "वेष्टन आम्ही केलं" एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. देत नसतील तर खोकं घरी आणा.

आणि दावा मान्य झाला असता तरी किती मिळालं असतं? कराराची मर्यादा किलोमागे आहे. 28 डिसेंबर 2024 पासून ती किलोला 26 एसडीआर, आधी 22 होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. 26 एसडीआर म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. गंमत अशी की भाडं घेताना जागेचं वजन आणि भरपाई देताना काट्यावरचं. महाग वस्तू असेल तर वेगळा विमा घ्याच, आणि घेताना तोंडाने नुसतं "इन्शुरन्स आहे ना?" असं विचारू नका. तुटफूट धरली आहे का, की फक्त हरवणं? वाद्य, काच, मातीची मूर्ती वगळली आहे का? पावतीमागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचा.

इथेच आपली एक जुनी सवय आड येते. कस्टम कमी लागावं म्हणून आपण घोषणापत्रावर "गिफ्ट, किंमत 1000 रुपये" लिहितो. एजंटही डोळा मिचकावून तेच सुचवतो. वस्तू फुटली की विमावाला तेच घोषणापत्र पुढे करतो आणि हजार रुपये देतो. शिवाय पलीकडच्या कस्टमवाल्याला तंबोऱ्याची किंमत ठाऊक नसली तरी फोनवर शोधता येते. नातेवाइकाला पत्र जातं, माल अडकतो, अडकलेल्या मालाचं रोजचं भाडं सुरू होतं. खरी किंमत लिहा, खरेदीची पावती जोडा आणि जे शुल्क लागेल ते आधी विचारून ठेवा.

नातेवाइकांमधली भेट म्हणून सवलत असते, पण ती आपल्याला वाटते त्याहून फार लहान. कॅनडात 60 कॅनेडियन डॉलरपर्यंत, ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंत, युरोपीय संघात 45 युरोपर्यंत. त्यापुढे तिथला कर लागतो. अमेरिकेचं गणित तर 2025 मध्ये पार बदललं. आधी 800 डॉलरपर्यंतचा माल बिनशुल्क जायचा. 29 ऑगस्ट 2025 पासून ती सवलत गेली. त्याच्या चार दिवस आधी आपल्या टपाल खात्याने अमेरिकेला पार्सलं घेणं थांबवलं होतं, पत्रं-कागदपत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटी सोडून, आणि ते ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झालं. त्या सात आठवड्यांत दिवाळीचं पार्सल अडकलेली माणसं मला माहीत आहेत. फराळ घरीच संपवावा लागला, ती तक्रार कुणी फारशी केली नाही. तात्पर्य, मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी किती भरलं ते विचारू नका, या आठवड्यात काय चालू आहे ते विचारा.

आणखी एक खर्च आपल्याला दिसत नाही, कारण तो दुसऱ्या टोकाला पडतो. शुल्क कोण भरणार हे ठरवलं नसेल तर ते घेणाऱ्याने भरायचं असतं, आणि त्यावर कुरियर स्वतःची फी वेगळी लावतो. "मावशीने भेट पाठवली" म्हणून भाचीने दार उघडलं की आधी पैशाचा निरोप. तिला आधी सांगून ठेवा, किंवा इथूनच शुल्क भरून पाठवा. एजंटमार्फत हवाई कार्गोने पाठवलंत तर जागेचं वजन बहुतेकदा 6000 ने भागून काढतात, म्हणजे आपले 63 किलो 52.5 वर येतात. स्वस्त वाटतं. पण तो माल विमानतळापर्यंतच जातो. पुढे सोडवून घेणं, तिथला दलाल, गोदामाचं भाडं, गाडी, हे सगळं भाचीच्या अंगावर. समुद्रमार्गे तर याहून जास्त. एका तंबोऱ्याचं खोकं घनमीटरचा तिसरा हिस्साही व्यापत नाही, पण बिल बहुधा अख्ख्या घनमीटरचं होतं आणि पलीकडच्या बंदराचे आकार मूळ भाड्यालाही मागे टाकतात. चार-पाच घरांनी मिळून पाठवायचं असेल तरच जहाजाचा विचार करा. पेणच्या गणपतींना ते परवडतं कारण ते शेकड्यांनी जातात, आणि भाद्रपदासाठी उन्हाळ्यातच निघतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून आफ्रिकेला वळसा घालून जाण्याचे दहा-पंधरा दिवसही त्यात धरावे लागले.

स्वतः जाताना बरोबर न्यायचा विचार असेल तर विमान कंपनीला आधी लेखी विचारा. चेक-इन सामानाची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटर. आपलं खोकं 235. काउंटरवर नाजूक सामानाला एक चिठ्ठी बांधतात आणि सही घेतात. ती सही म्हणजे तुटल्यास आमच्यावर नाही, या अर्थाची असते. टपालाच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टलाही मापाची अडचण येते. लांबी अधिक घेर मिळून तीन मीटर ही साधारण मर्यादा, आणि आपली बेरीज 330 सेंटीमीटर. छोट्या वस्तूंना मात्र टपाल उत्तम.

घरातलं जुनं पाठवणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. आत्याचा तंबोरा, पणजीचे पितळी देव, जुनी समई. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय शंकास्पद असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी असते, घोडी सांबरशिंगाची असते. हस्तिदंत किंवा सांबरशिंग पाठवण्याचं नावही काढू नका. वन्यजीव कायदा लागतो, वाद्य जप्त होतं. घोडी बदलून घ्या, मिरजेत ते काम तासाभरात होतं. शिसवीच्या लाकडावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय परवान्याची अट आली होती. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली, पण नुसत्या लाकडाला नाही.

हे सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग पाठवावं तरी का? बऱ्याचदा पाठवू नये. चांदीची वाटी पाठवा, पैठणी पाठवा, फुटत नाही. गाणं शिकणाऱ्या मुलीला सुरुवातीला मोबाइलमधला तानपुरा चालतो. मोठी झाली की भोपळ्याविना चपट्या पेटीचा प्रवासी तंबोरा पाठवा, निम्मी जागा वाचते. बरण्या तिकडेही मिळतात. लोणचं पाठवायचं असेल तर बरणी इथेच ठेवा, पाकीटबंद करून द्या. पण कधीकधी तीच वस्तू हवी असते. माझ्या भाचीला चाचांच्याच हातची जवारी, म्हणजे तारांचा झंकार जमवणारी घोडीची घडण, हवी होती. अशा वेळी वस्तूच्या किमतीइतकाच खर्च वेष्टन, भाडं, विमा आणि शुल्क मिळून होईल हे आधीच धरा. आणि काटकसर करायचीच तर वेष्टन सोडून दुसरीकडे कुठे होते का पाहा.

घेणाऱ्याला निरोप द्यायला विसरू नका, अर्धी लढाई तिकडे असते. खोकं घेताना बाहेरून ठेचलेलं असेल तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहावं. उघडताना फोटो काढावेत, व्हिडिओ असेल तर आणखी बरं. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत गेली पाहिजे, ही मुदतही त्याच करारात आहे. "आज कामाला सुट्टी नाही, शनिवारी बघते" असं म्हणत भाचीने पहिल्या वेळी नऊ दिवस घालवले होते. थंड देशात खोकं लगेच उघडू नये. एक दिवस घरात तसंच राहू द्यावं. आणि तारा एकदम सुरात चढवू नयेत. हिवाळ्यात तिकडची घरं हीटरने इतकी कोरडी होतात की आपल्या दमट हवेतला भोपळा तडकतो. खोलीत ओलावा देणारं यंत्र असावं, नाहीतर निदान पाण्याचं भांडं.

आणि खोकं फेकू नये. तपासणी होईपर्यंत तरी नाहीच. दुसरा तंबोरा पोचला त्या रात्री भाचीने व्हिडिओ कॉल लावला. फोमच्या खाचेतून दांडी उचलताना तिचा हात थरथरत होता. चाचांना मी तो व्हिडिओ नंतर दाखवला. त्यांनी तंबोऱ्याकडे पाहिलंच नाही. विचारलं, "ती लादी ठेवलीय ना? परत यायचं झालं तर लागेल."

ठेवली आहे. तळघरात, प्लायवूडच्या पेटीत.